शेळगावच्या तात्यांची लांबडी गाडी

ती घटना अजून मनातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, उसाच्या फडात सापडलेली प्रेतं उचलली, आणि त्यातली निम्मी प्रकरणं आता धड आठवतही नाहीत. ही तर साधी गाडीचोरीची फिर्याद. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी बारामतीच्या माझ्या फ्लॅटमध्ये दुपारी एकटा चहा घेत बसलो की नेमकी हीच डोळ्यांपुढे येते. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून आहेत आणि त्यांना त्याच गावांत राहायचं आहे.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मुलाच्या शिक्षणासाठी घरची मंडळी पुण्याला आणि मी ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये. डबा खानावळीतून यायचा. दिवसभर ठाण्यात माणसांची रीघ असायची, पण प्रत्येकजण काम घेऊन आलेला. काम झालं की नमस्कार घालून निघून जायचा. सहज म्हणून ठाण्यात कोण येणार? बाकीचे अधिकारी म्हणायचे, सवय होते. मला काही झाली नाही.

एका सकाळी हजेरी आटोपून केबिनमध्ये शिरत होतो, तेव्हा ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे एक म्हातारा उभा दिसला. उंच, काटक, डोक्याला लाल पटका, हातात काठी; पण टेकायला नाही, नुसती सवयीची. मेंढरांमागे आयुष्य गेलेला माणूस उभा राहिला तरी ओळखू येतो. सगळा परिसर त्यांना तात्या म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

"साहेब, माजी गाडी गेली," तात्या म्हणाले. "चोरीला गेली."

माझा अंमलदार जागचा उठलाच, कारण ती गाडी ठाऊक नाही असा माणूस शेळगाव ते कळंब पट्ट्यात नव्हता. परदेशी कंपनीची, मोतिया रंगाची, लांबच्या लांब, आत चामडी सीटा. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. लोक तिला लांबडी गाडी म्हणत. तात्यांची वस्ती शेळगावपासून थोडी आत, रानात. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मेंढ्या विकून टाकलेल्या, रान वाट्याने दिलेलं. दाराशी एक शेळी आणि ही गाडी, एवढाच संसार.

फिर्यादीत त्यांनी सांगितलं की गाडी घरापुढे उभी होती, सकाळी उठून बघतात तर नाही. पुढच्या आठवड्यात धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न, नवरीला याच गाडीतून न्यायचं ठरलेलं. आता धाकट्याला काय सांगू, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी धीर दिला, नाकाबंदी लावतो म्हणालो. यावर त्यांनी विचारलं, फिर्यादीची शिक्का मारलेली प्रत कधी मिळेल?

इथेच मला थोडं खटकलं होतं. ज्याचं वाहन जातं तो ठाण्यात आल्याआल्या विचारतो, सापडेल का साहेब? प्रतीचं कुणाला पडलेलं नसतं. प्रत मागतो तो विम्यासाठी. म्हटलं, यांचा विमा असेल. तर नाही. गाडीचा विमा फक्त समोरच्याला धडक दिली तर त्याला भरपाई मिळेल एवढ्यापुरता. चोरीचा छदामही मिळणार नव्हता. मग प्रत कशाला? तर म्हणाले, धाकट्याला दाखवायचीय.

ही गाडी त्यांच्याकडे आली कशी, ते तपासात कळलं. तरुणपणापासून तात्या दिवाळीच्या सुमाराला कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे. पुण्याच्या कडेला एका मोठ्या माणसाच्या शेतात मेंढ्या बसवायचे. त्याच्या रानाला खत, यांच्या कळपाला मुक्काम. पुढे त्या शेतात बंगला झाला, मालक वारला, मुलं परदेशी गेली. बंगला विकायला निघाला तेव्हा चिंचेखाली वर्षानुवर्षं उभी असलेली मालकाची गाडी कुणालाच नको होती. टायरांना भेगा, छतावर पाखरांची घाण, बॉनेटखाली उंदरांचे संसार. भंगारवाला उचलणार तेवढ्यात तात्यांनी मागितली. जवळजवळ मोटरसायकलच्या भावात मिळाली. पुण्यातल्या गॅरेजवाल्याने नवी बॅटरी, नवे टायर टाकले, वायरी जोडून दिल्या, आणि पूर्वी मेंढरांचा टेम्पो चालवलेले तात्या ती स्वतः चालवत शेळगावला घेऊन आले.

एवढी मोठी गाडी एकट्या माणसाला कशाला, असं मी विचारलं होतं. मेंढ्या गेल्यापासून दार मोकळं मोकळं दिसायचं, असं ते म्हणाले.

निवृत्त झाल्यापासून ओळखीची पोरं मला विचारतात, काका, अमुक गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का? मी त्यांना सरळ सांगतो. गाडी जुनी झाली म्हणून तिचे भाग स्वस्त होत नाहीत. ती नवी असताना ज्याच्या खिशाला परवडली, त्याच्याच खिशाला तिची दुरुस्ती परवडते. त्याने ती अंगणात सडू दिली, यातच काय ते समजून घ्यावं. आणि घ्यायचीच असेल तर आधी कागद बघा. नाव बदलून मिळेल का, बँकेचा बोजा आहे का, कर थकलाय का, तिच्या नंबरावर कुठे अपघाताचा गुन्हा तर नाही ना. असल्या गाड्या हौसेने घेऊन नंतर माझ्यासमोर डोकं धरून बसलेली माणसं मी ढीगभर पाहिली आहेत. तात्यांचे कागद मात्र चोख होते. त्यांची गाडी फसली ती दुसऱ्याच ठिकाणी.

आल्यापासून एक हंगाम ती गाडी राणीसारखी चालली. लगीनसराई सुरू झाली आणि तात्यांच्या वस्तीवर माणसं येऊ लागली. आमच्या नवरदेवाला गाडी पाहिजे तात्या, पाठवणीला पाहिजे तात्या. भाडं ते घ्यायचे नाहीत. पेट्रोल टाका म्हणायचे. गाडी मात्र स्वतः चालवायचे, दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत. मग साहजिकच मांडवात त्यांना फेटा बांधला जायचा, पहिल्या पंगतीला बसवलं जायचं, फोटोत उभं केलं जायचं. ज्या माणसाकडे महिनोन्महिने कुणी फिरकत नव्हतं, त्याच्या दारी माणसं बसून राहू लागली. आमच्या बीट हवालदाराने मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

याच हवालदाराने भावांची गोष्टही सांगितली. बांधावरून भांडण झालं होतं. धाकटा आपला वाटा विकून बारामतीजवळ कन्हेरीला गेला, तिकडे ऊस केला, चांगला सुधारला. तेव्हापासून बोलणं बंद. आईच्या दहाव्यालाही दोघे दोन टोकांना बसले होते म्हणे. आणि इतक्या वर्षांनी धाकटा पहिल्यांदा तात्यांच्या उंबऱ्यावर आला, तो मुलीच्या लग्नासाठी गाडी मागायला. तात्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

पोलिसाचं डोकं कुठे जाणार? भाऊबंदकी म्हटलं की संशय आधी भावावर. मी हवालदाराला कन्हेरीला पाठवलं. लग्नघर, दारात मांडव उभा राहत होता. धाकट्याने फिर्यादीची प्रत आधीच वाचलेली होती. तात्यांनी कुणाच्या तरी हाती पोचवली होती. तो एवढंच म्हणाला की बरं झालं कळवलं. हवालदाराला त्याने चहा पाजला, गाडीबद्दल चकार शब्द विचारला नाही. मला हे भारी संशयास्पद वाटलं. आता वाटतं, संशय कुणावर घ्यावा हे सुद्धा मला नीट कळलं नव्हतं.

तपास आम्ही रीतसर केला. बिनतारी संदेश गेले, टोलनाके, पेट्रोल पंप, बारामतीचे चौक, सगळीकडचं कॅमेऱ्यांचं चित्रण पाहिलं. असली गाडी लपून जाणार कशी? पण कुठेच दिसली नाही. घटनास्थळाचा पंचनामा करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. पाटाचं पाणी फुटून वस्तीचा रस्ता आठवडाभरापासून ओला होता. त्यात तात्यांच्या वहाणांचे ठसे होते, शेळीच्या खुरांचे होते, आमच्या जीपचे उमटले. त्या जड गाडीच्या चाकांचे नव्हते. चोरांनी काय उचलून नेली? बाकी ठाण्यांना पाठवायला गाडीचा चांगला फोटो हवा होता, तो कळंबच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून मिळाला. फुलांच्या माळा, आत नवरदेव, स्टिअरिंगवर तात्या, आणि काचेच्या आत पुढे चिकटवलेली बिरोबाची छोटी पितळी तसबीर, भंडाऱ्याने पिवळी झालेली. तो फोटो मी माझ्या टेबलावरच्या काचेखाली ठेवला होता.

आठवडा गेला आणि लग्नाचा दिवस उजाडला. सकाळीच तात्या ठाण्यात हजर. पांढरं शुभ्र नवं धोतर, इस्त्रीचा नेहरू शर्ट, कोरा फेटा. तपासाचं काय झालं म्हणून विचारायला आलो, म्हणाले. मी म्हटलं, तात्या, आज पुतणीचं लग्न ना? तुम्ही इथे काय करताय?

"व्हय. पर गाडी न्हाय तर कुठल्या तोंडानं जाऊ, साहेब?"

मी समजावलं. म्हटलं, एसटीने जा, नाहीतर आमची जीप बारामतीला निघालीय, ती सोडेल तुम्हाला. त्यांनी मान हलवली. घरी बसवत न्हाय, हितंच बसतो म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. ठाण्यात दिवस नेहमीसारखा सुरू होता. दोन सख्ख्या शेजाऱ्यांची मारामारी आली, पासपोर्टची पडताळणी आली, मोबाईल हरवल्याची नोंद आली. माणसं त्यांच्या शेजारी बसून उठून गेली. ते तसेच. मी माझ्या डब्यातली भाकरी पुढे केली, तर आज उपास हाय म्हणाले.

दुपारी भिंतीवरच्या घड्याळाकडे ते सारखे बघू लागले. मुहूर्ताची वेळ झाली असावी. मी केबिनच्या खिडकीतून पाहत होतो. त्यांनी शर्टाच्या खिशातून मूठभर पिवळ्या अक्षता काढल्या, उठून उभे राहिले, बारामतीच्या दिशेला तोंड केलं आणि त्या समोर टाकल्या. ठाण्याच्या फरशीवर. मग खाली बसून बोटांनी एकेक दाणा गोळा केला, कुणाचा पाय पडू नये म्हणून. आमची एक महिला शिपाई ते पाहून आत निघून गेली. थोड्या वेळाने तात्या मला नमस्कार घालून घरी गेले.

पोलिसाचं डोकं मात्र चालू होतं. गाडी गेली म्हणून पुतणीच्या लग्नाला कुणी जायचं थांबत नाही. चोरी झालेल्या माणसाकडे उलट सगळ्यांचं लक्ष असतं. लोक हळहळतात, पुन्हा पुन्हा विचारतात, आणि सांगणाऱ्यालाही बरं वाटतं. हा माणूस तोंड लपवत होता.

त्याच संध्याकाळी खबर आली. शेळगाव फाट्यावर एकाचं चहाचं हॉटेल होतं. रस्त्यावरून काय गेलं नि काय आलं, सगळं त्याच्या डोळ्यांखालून जायचं. त्याचा फोन आला, साहेब, एक विचारू का? एका शेळीला वर्षाला कडबा किती लागतो? मी म्हटलं, सरळ बोल. तर तो म्हणाला की तात्यांनी गाडी जायच्या आठ-दहा दिवस आधीच कडब्याच्या भरलेल्या ट्रॉल्या मागवल्या. गोठ्यामागे भलीमोठी गंजी रचलीय, एकट्याने. गाव म्हणतंय, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदाराला घेऊन वस्तीवर गेलो. गंजी बाहेरूनच दिसत होती; पंचनाम्याच्या दिवशीही ती होतीच, पण रानातल्या वस्तीवर गंजीकडे कोण बघतो? रचणं मात्र देखणं होतं, पेंढीला पेंढी बसवलेली. मी तिकडे गेलो नाही, आधी घरात गेलो. तात्यांनी घोंगडी अंथरली, चूल पेटवून चहा ठेवला. माझं लक्ष कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे गेलं. बाकी देव जुने, काळवंडलेले. त्यांच्या मधोमध बिरोबाची छोटी पितळी तसबीर, भंडाऱ्याने पिवळी. मी हात जोडले आणि विचारून ती उचलली. पाठीमागे चिकटपट्टीचा गोंद अजून ओला वाटावा असा चिकट होता. फोटोग्राफरच्या फोटोत हाच देव काचेमागे होता.

माणसं चोरीचा बनाव करतात तेव्हा किल्ली लपवतात, कागद जाळतात, साक्षीदार उभे करतात. पण मेंढपाळाच्या हातून देव काही कडब्याखाली गाडला जात नाही. तात्यांनी अख्खी गाडी झाकली आणि बिरोबाला तेवढं आधी घरात आणून बसवलं. चोराने गाडी नेली, मग तिच्यातला देव तेवढा परत आणून ठेवला काय? मी हे बोललोही नाही. तसबीर हातात धरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

चौकशीत आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा, हे सगळं मी नोकरीत केलंय. त्या दिवशी त्यातलं काही करावंसं वाटलं नाही. मी चहा संपवला आणि विचारलं, तात्या, गाडीला काय झालं?

ते देव्हाऱ्याकडे बघत बोलू लागले. शेवटच्या लग्नाहून आल्यावर गोठ्यामागे लावलेली गाडी रात्रीत मागून बसली. म्हैस बसते तशी, मागचा भाग भुईला टेकलेला. बारामतीहून फिटर आणला. त्याने लॅपटॉप जोडला आणि एकामागून एक बिघाड वाचून दाखवले. एक दुरुस्त करावा तर दुसरा पुढे यायचा. मग गिअर पडायचा बंद झाला. भाग परदेशातून येणार, जुना मिळाला तर दिल्लीहून, आणि बसवल्यावर चालेलच याची खात्री नाही. फिटरने शेवटी हात जोडले. आणि त्यानंतर चार दिवसांनी धाकटा दारात आला.

"मग त्याला तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"इतक्या वर्सांनी उंबऱ्यावर आला हुता, साहेब. त्याला न्हाय म्हणू?"

त्यांना वाटलं होतं, लग्नापर्यंत काहीतरी जमेल. ते जमलं नाही. मी म्हटलं, मग नंतर सांगायचं, गाडी बिघडलीय म्हणून. एवढी सोपी गोष्ट.

तात्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आपल्याकडं एखाद्याला वस्तू द्यायची नसली की माणूस काय म्हणतो, साहेब? बिघडलीय असंच म्हणतो न्हवं?"

मीही याच मातीतला. ट्रॅक्टर मागा, पाण्याचं इंजिन मागा, जीप मागा. तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. बिघडलंय म्हणतात. मागणारा समजून घेतो, चहा पितो, उठतो आणि पुन्हा त्या दारात येत नाही. खरंच बिघडलेलं असलं तरी ते खरं वाटत नाही. धाकट्याला वाटलं असतं, दादाने जुन्या बांधाचा राग काढला. म्हणून तात्यांना असं काहीतरी हवं होतं, ज्यावर सरकारी शिक्का आहे. पोलिसांचा कागद खोटा असतो असं धाकटा कसं म्हणेल? दादाने नाही म्हटलं नाही, एवढंच त्यांना भावाला दाखवायचं होतं.

"देवाला अंधारात कसं ठिवू म्हणून तेवढा काढला," ते म्हणाले. "बाकी सगळं माजंच पाप हाय. घाला बेड्या."

बेड्या कसल्या घालतोय. पण खोटी फिर्याद देणं हा गुन्हाच, आणि ठाण्याची, नाक्यांची माणसं आठवडाभर राबली होती. मी गावातले दोन पंच बोलावले. धाकट्यालाही जबाबासाठी निरोप धाडला. तो दुपारी मोटरसायकलवर आला. हाताला अजून हळद होती, डोळे जागरणाने लाल. कडब्याच्या पेंढ्या एकेक करून खाली निघत होत्या. आधी मोतिया छत दिसलं, मग काच, मग सगळी गाडी. मागून बसलेली, चाकं कमानींत घुसलेली. छतावर कडब्याचा भुसा. बघ्यांतले काही हसले. हवालदाराने त्यांना दमात घेतलं.

तात्या गंजीच्या पलीकडे उभे होते. भाऊ आल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती. पंचनामा लिहून झाला, सह्या झाल्या. तेव्हा ते म्हणाले, "खरंच बिघडलीय रे, धाकल्या."

धाकटा गाडीकडे बघत राहिला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला हे आधी ठाऊक होतं का? नाही, म्हणाला. बिघडली म्हणून सांगितलं असतं तर पटलं असतं का? तो हाताची हळद चोळत म्हणाला, न्हाय साहेब, मलाबी पटलं नसतं. मग जे बोलला ते त्याने तात्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"गाडी तर मी बारामतीतनं कवाच ठरवली हुती. मला कुठं गाडी पाहिजे हुती? नुसतं ये म्हणायला गेलो असतो तर दादानं दार लावलं असतं. काहीतरी मागायला पाहिजे हुतं." त्याने दादाकडे पाहिलं. "अंतरपाट धरून भटजीला थांबवलं हुतं, साहेब. लोक म्हणाले, मुहूर्त टळतोय. वाटंकडं बघत बघत आमी अक्षता टाकल्या."

तात्या होते तिथेच खाली बसले, विस्कटलेल्या कडब्यावर. धाकटा जाऊन त्यांच्या शेजारी बसला. एवढ्या वर्षांत बोलायची सवयच मोडलेली होती. पंच, बघे, आम्ही, सगळे उगाच इकडे तिकडे बघत राहिलो. शेवटी मी जीप सुरू करायला सांगितली आणि आम्ही निघालो.

पुढचं थोडक्यात सांगतो. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि माझ्या लेखणीला जेवढं सौम्य होता येतं तेवढं होऊन लिहिलं. तात्यांना समज मिळाली, प्रकरण मिटलं. गाडी भंगारवाल्याने नेली. नवरी माहेरी परतली तेव्हा धाकट्याने तात्यांना कन्हेरीला नेलं. मुलीने पाया पडून त्यांच्याकडून डोक्यावर अक्षता टाकून घेतल्या, असं हवालदाराच्या कानावर आलं. पुढे सणावाराला येणंजाणं राहिलं. हे चांगलंच झालं. पण लग्न काही परत लागत नाही, आणि त्या मुलीच्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचा चुलता नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचाराल तर सांगतो. खोटं बोलणारा माणूस समोर बसला की आम्ही पोलीस एकच शोधायचो, यात याचा फायदा काय. कित्येकदा माणूस फायद्यासाठी नाही, तर आपलं खरं कुणाला पटणार नाही या भीतीने खोटं बोलतो. दुसरं असं की माणसाला माणूस हवा असतो, पण तसं तोंडाने म्हणता येत नाही. मग तो काहीतरी मागतो, नाहीतर काहीतरी द्यायला निघतो. गाडी हे त्या दोघांचं निमित्त होतं. निमित्तच बसलं तेव्हा दोघे दोन ठिकाणी एकटे पडले.

आता मी निवृत्त आहे. बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगा लांब आहे. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटे राहतात. अधूनमधून बेल वाजवतात. पाना आहे का, शिडी मिळेल का, बॅटरी आहे का? परवा शिडी मागायला आले होते. त्यांच्या बाल्कनीत शिडी आहे, जाता-येता मला दिसते. मी त्यांना म्हटलं, शिडी देतो, आधी आत या, चहा टाकतो.